लोहचुंबकाने पेशींची निवड

(संशोधन प्रयोगशाळांतील स्वयंचलित चुंबकीय पेशी-विलगीकरण उपकरणांविषयीच्या व्याख्यानाचा मजकूर)



पिठाच्या गिरणीत धान्य ओतण्याच्या तोंडाशी लोहचुंबक बसविलेला असतो, हे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. धान्यात चुकून आलेला खिळा किंवा तारेचा तुकडा तेथेच अडकून पडतो. ज्वारीचा दाणा मात्र सुखरूप पुढे जातो. दाणा न् दाणा हाती घेऊन तपासण्याची गरज पडत नाही. रास वाहती राहते आणि नको ते तेवढे मागे राहते. जिवंत पेशींच्या बाबतीत नेमके हेच काम करणारी उपकरणे गेल्या तीन-चार दशकांत संशोधन प्रयोगशाळांत रुजली आहेत. गिरणीतल्या चुंबकाला फक्त लोखंड ओळखावयाचे असते. पेशींमध्ये तर लोखंड असे नसतेच. मग चुंबकाने ओळखावे तरी काय? आजच्या विषयाचा उगम या प्रश्नात आहे.

प्रथम निवडीची गरज का पडते ते पाहू. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ४५ ते ५५ लाख तांबड्या पेशी असतात, तर पांढऱ्या पेशी अवघ्या ४ ते ११ हजार. या पांढऱ्या पेशींतही अनेक जाती-पोटजाती आहेत. काही जंतूंना गिळतात, काही प्रतिपिंडे तयार करतात, काही विषाणूग्रस्त पेशींना हुडकून ठार करतात. ज्यांच्यापासून सर्व रक्तपेशी जन्मास येतात त्या मूलपेशी तर अस्थिमज्जेतही शंभरात एखाददुसरी अशाच आढळतात, आणि वाहत्या रक्तात हजारांत एखादीही मुश्किलीने सापडते. संशोधकाला यांपैकी एका जातीचा अभ्यास करावयाचा असेल, तर मिश्रण तपासून त्याच्या हाती केवळ सरासरी येते. भरलेल्या बाजारात एका माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये, तसाच हा प्रकार होय.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केलेला बरा. रक्तात लोह आहे, म्हणून रक्त चुंबकाकडे ओढले जाते, अशी समजूत सर्वत्र आढळते. जत्रेत विकले जाणारे चुंबकीय पट्टे आणि कडी याच समजुतीवर खपतात. प्रौढ माणसाच्या शरीरात एकंदर ३ ते ४ ग्रॅम लोह असते हे खरे, परंतु ते खिळ्यातील लोखंडासारखे नसून बहुतांशी हिमोग्लोबिनच्या रेणूंत एकेका अणूने विखुरलेले असते. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३६ साली दाखवून दिले की, प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूरच ढकलले जाते आणि प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन अत्यंत क्षीणपणे ओढले जाते. मनगटावरील कड्याने रक्ताचा प्रवाह सुधारण्याइतके यात काहीही नाही. शिक्षकांनी हे वर्गात अवश्य सांगावे.

निसर्गाने एक अपवाद मात्र ठेवला आहे. हिवतापाचा परोपजीवी तांबड्या पेशीत शिरून तेथील हिमोग्लोबिन खातो आणि त्यातील लोहयुक्त भाग गडद रंगाच्या स्फटिकांच्या रूपाने मागे टाकतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात जे पाहिले, त्यात या रंगद्रव्याच्या काळ्या ठिपक्यांनीच त्यांना वाट दाखविली. या स्फटिकांना चुंबक ओढू शकतो. म्हणूनच हिवतापाने ग्रासलेल्या, पूर्ण वाढलेला परोपजीवी बाळगणाऱ्या तांबड्या पेशी कोणतीही खूण न चिकटविता प्रबळ चुंबकाच्या साह्याने निरोगी पेशींपासून अलग करता येतात, आणि हिवतापावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा आजही ही युक्ती वापरतात.

इतर पेशींना मात्र लोहाची खूण बाहेरून चिकटवावी लागते. ती नेमक्या हव्या त्याच पेशीला चिकटली पाहिजे. हे काम प्रतिपिंडे करतात. प्रत्येक जातीच्या पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात आणि प्रतिपिंड आपल्या जोडीच्या प्रथिनालाच बिलगते. केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझर मिलस्टीन यांनी १९७५ साली एकाच साच्याची प्रतिपिंडे हव्या तितक्या प्रमाणात तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याबद्दल त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीचे मार्ग ऐकले तर आज मौज वाटेल. मनुष्याच्या टी-पेशी वेगळ्या करण्यासाठी मेंढीच्या तांबड्या पेशी त्यांत मिसळीत; त्या टी-पेशीभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या जमत आणि जड झालेला तो गुच्छ तळाशी बसे. सत्तरीच्या दशकातील कित्येक प्रबंध मेंढीच्या रक्ताच्या आधारावर उभे आहेत.

प्रतिपिंड मिळाले, आता त्याला जोडावयाचा लोहकण हवा. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे जॉन उगेल्स्टाड यांनी १९७६ च्या सुमारास अगदी एकसारख्या आकाराचे प्लास्टिकचे सूक्ष्म मणी बनविले. असे मोठे, एकसारखे मणी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाखाली नीट बनत नाहीत, या समजुतीने अमेरिकेने १९८२ पासून अंतराळयानातून त्यांचे प्रयोग केले, आणि १९८५ पासून ते अंतराळातील मणी मोजमापाचे प्रमाण म्हणून विकलेही गेले. उगेल्स्टाड यांनी ते काम जमिनीवरच साधले होते. पुढे त्यांनी मण्यांच्या छिद्रांत लोहाचे ऑक्साइड भरले. मिलिमीटरच्या साडेचार सहस्रांशाएवढा हा मणी, प्रतिपिंडाचे अस्तर दिले की, पेशीला जाऊन चिकटे. १९८४ साली लंडनच्या संशोधकांनी उगेल्स्टाड यांच्या सहकार्याने याचा उपयोग लहान मुलांच्या एका मज्जातंतूंच्या कर्करोगात केला. रुग्ण बालकाची अस्थिमज्जा काढून घेऊन तीतील कर्कपेशींना हे मणी चिकटवावयाचे, चुंबकाने त्या ओढून घ्यावयाच्या आणि शुद्ध झालेली मज्जा पुन्हा त्याच बालकाला द्यावयाची, अशी ती योजना होती.

टाकून द्यावयाच्या पेशींसाठी मोठा मणी उत्तम. पण ज्या पेशी पुढे वाढवावयाच्या आहेत त्यांच्या अंगावर एवढी ओझी चिकटून राहणे सोयीचे नाही. जर्मनीत कोलोन विद्यापीठाच्या आनुवंशिकी संस्थेतील स्टेफान मिल्टेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली आणि १९९० साली ती प्रसिद्ध केली; आदल्याच वर्षी मिल्टेनी यांनी याच कामासाठी उद्योगही सुरू केला होता. त्यांनी निवडलेला कण सुमारे ५० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा वीस हजारावा भाग. पांढऱ्या पेशीचा व्यास याच्या सुमारे दोनशे पट. घनफळाने पाहिले तर एका पेशीत असे ८० लाख कण मावतील. त्यांचे पेशीला ओझे होत नाही आणि ते काढून टाकावेही लागत नाहीत. लोहाच्या ऑक्साइडचे इतके बारीक स्फटिक चुंबकाजवळ असेपर्यंतच चुंबकासारखे वागतात आणि चुंबक दूर होताच आपले चुंबकत्व विसरतात, याची उपपत्ती फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ मध्येच मांडली होती. हा गुण नसता तर कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले असते.

तथापि कण जितका लहान, तितकी त्यावरील ओढही क्षीण. साध्या चुंबकाजवळ अशी पेशी तासन् तास धरली तरी ती जागची हलणार नाही. येथे भौतिकशास्त्रातील एक साधी पण सहज विसरली जाणारी गोष्ट कामी आली. चुंबकीय क्षेत्र नुसते प्रबळ असून भागत नाही. ते सर्वत्र सारखे असेल तर त्यातील कण होकायंत्राच्या सुईप्रमाणे वळेल, पण सरकणार नाही. थोड्या अंतरात क्षेत्र झपाट्याने बदलत असेल, तरच कणावर ओढ बसते. म्हणून दोन ध्रुवांच्या मध्ये एक नळी ठेवतात आणि तिच्यात पोलादी लोकर किंवा लोखंडी गोळ्या भरतात. प्रत्येक तंतूच्या वा गोळीच्या कडेशी क्षेत्राचा उतार हजारो पटींनी तीव्र होतो आणि जवळून जाणारी खूण केलेली पेशी तेथेच थबकते. कागदाला झिलई देण्यासाठी लागणारी पांढरी चिनी माती लोहयुक्त मळापासून स्वच्छ करण्यासाठी अमेरिकेतील कारखाने १९७० च्या दशकापासून हीच पोलादी लोकर वापरीत होते. खाणीच्या धंद्यातील युक्ती जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आली ती अशी.

आता प्रत्यक्ष कृती. रक्त आणून त्यातील तांबड्या पेशी अपकेंद्री यंत्राने खाली बसवितात. उरलेल्या पांढऱ्या पेशी मोजून, थंड द्रावणात, प्रतिपिंड जोडलेल्या लोहकणांबरोबर सुमारे पाव तास ठेवतात. मग त्या चुंबकातील नळीतून सोडावयाच्या. खूण नसलेल्या पेशी वाहून जातात. नळी दोन-तीनदा धुवावयाची, चुंबकातून बाहेर काढावयाची आणि आत अडकलेल्या पेशी द्रावणाच्या जोराने उतरवून घ्यावयाच्या. हाताने करताना यांत कौशल्यापेक्षा चिकाटी जास्त लागते. नळी मध्येच कोरडी पडली किंवा तीत हवेचा बुडबुडा गेला, की सकाळपासूनचे काम वाया जाते. संध्याकाळच्या पाचव्या नमुन्याला सकाळच्या पहिल्या नमुन्याइतकाच निगुतीचा हात लागतोच असे नाही.

स्वयंचलित उपकरण हा हाताचा भाग आपल्याकडे घेते. त्यात पंप आहेत, झडपा आहेत, पुढे-मागे सरकणारा चुंबक आहे आणि नमुने थंड ठेवणारी मांडणी आहे. नळ्या ओळीने लावून कार्यक्रम निवडला की यंत्र नमुना शोषून घेते, ठरलेल्या वेगाने नळीतून सोडते, धुते, चुंबक दूर करते, पेशी उतरवते आणि दोन नमुन्यांच्या मध्ये स्वतःला धुऊन घेते. काही उपकरणे खूण लावण्याचे कामही करतात. हवी ती पेशी पकडावयाची, की नको त्या साऱ्या पकडून हवी ती अस्पर्श सोडून द्यावयाची, असे दोन्ही मार्ग त्यात असतात. दुसरा मार्ग खर्चिक, कारण नको असलेल्या प्रत्येक जातीसाठी वेगळे प्रतिपिंड लागते. परंतु प्रतिपिंडाच्या स्पर्शाने काही पेशी चाळवल्या जातात. ज्याला पेशीची मूळची शांत अवस्था अभ्यासावयाची आहे त्याने हा खर्च सोसलेला बरा.

लेसर किरणांनी एकेक पेशी पाहून निवडणारे यंत्र स्टॅनफर्ड येथे लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने १९७२ पर्यंत सिद्ध केले होते, आणि बारकाव्यात आजही त्याची बरोबरी चुंबक करू शकत नाही. चुंबकाला खूण आहे किंवा नाही एवढेच कळते. लेसरला अनेक खुणा आणि त्यांचे कमीअधिक प्रमाण कळते. पण ते यंत्र सेकंदाला दहा हजार पेशी पाहते असे धरले, तरी शंभर कोटी पेशींना सुमारे २८ तास लागतील. चुंबकीय नळी सगळी रास एकदम घेते आणि काम काही मिनिटांत उरकते. म्हणून पुष्कळ ठिकाणी आधी चुंबकाने चाळून मग लेसरने वेचतात.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सर्व सांगितले तो मुद्दा. या उपकरणाची किंमत ठरवताना विक्रेते शुद्धतेचा आकडा पुढे करतात: मिळालेल्या पेशींत हव्या त्या शेकडा किती. साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांना दुसरा प्रश्न लगेच सुचेल: उतारा किती? आलेल्या मालात जेवढ्या होत्या त्यांपैकी हाती किती लागल्या? समजा, एक कोटी पेशींत एक लाख हव्या आहेत. यंत्राने ९० हजार हव्या आणि १० हजार नकोशा दिल्या, तर शुद्धता ९० टक्के आणि उताराही ९० टक्के. तोच माल दुसऱ्यांदा नळीतून काढला तर शुद्धता ९८ वर जाईल, पण उतारा ७५ वर येईल. दोन्ही एकाच वेळी वाढविण्याचा कार्यक्रम कोणत्याही यंत्रात नाही. दोहोंपैकी काय सोडावयाचे, हे त्या पेशी कशासाठी हव्यात यावर अवलंबून असते.

हा हिशोब कोरडा वाटेल, पण रुग्णाच्या बाबतीत तो जीवनमरणाचा होतो. रक्ताच्या कर्करोगात दुसऱ्याची मज्जा देताना तिच्याबरोबर दात्याच्या टी-पेशी येतात आणि त्या रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करतात. तो टाळण्यासाठी मूलपेशी चुंबकाने वेचून घेण्याच्या एका पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१४ मध्ये मर्यादित उपयोगासाठी मान्यता दिली. टी-पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या की तो हल्ला टळतो. परंतु याच टी-पेशी विषाणूंना आवरतात आणि उरल्यासुरल्या कर्कपेशींनाही मारतात. त्या पूर्णपणे काढल्या तर संसर्ग बळावतो आणि रोग परतण्याची भीती वाढते. म्हणून पुढे काही केंद्रांनी टी-पेशींचा तेवढा एकच उपद्रवी प्रकार काढून बाकीच्या ठेवण्याचा मार्ग धरला. परिपूर्ण शुद्धता येथे रुग्णाच्या हिताची ठरली नाही.

उताऱ्याचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार आणि अमरावतीचा मेळघाट या भागांतील पंचायत सदस्यांना सिकलसेलचा आजार सांगावयास नको. या आजारावरील जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी रक्तातून काढून, चुंबकाने वेचून, त्यांत बदल घडवून त्या परत दिल्या जातात. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान ३० लाख पेशी परत द्याव्या लागतात. ५० किलोच्या माणसाला १५ कोटी. निवडीत, संपादनात आणि गोठवण्यात होणारी घट धरली तर सुरुवातीला याहून कितीतरी अधिक हव्यात. सिकलसेलच्या रुग्णात मूलपेशी रक्तात उतरविण्याचे नेहमीचे औषध धोक्याचे ठरते. दुसऱ्या औषधाने हे साधते, पण रुग्णाला पेशी देण्यासाठी अनेकदा पुन्हा पुन्हा रुग्णालयात यावे लागते. नळीत उतारा दहा टक्क्यांनी घसरला, तर त्याची भरपाई रुग्णाला सुईखाली आणखी एक दिवस घालवून करावी लागते. या उपचाराची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर ठरली होती. आपल्या आदिवासी पाड्यांपर्यंत तो पोहोचावयाचा तर त्यातील प्रत्येक पायरी देशात, आणि स्वस्तात, करता आली पाहिजे.

ते अशक्य नाही याचा दाखला मुंबईने दिला आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांना कर्कपेशी ओळखावयास शिकवून परत देण्याचा देशी उपचार मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून उभा राहिला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे राष्ट्रार्पण झाले. या जातीच्या उपचारांत टी-पेशी अलग करण्यासाठी चुंबकीय पद्धत जगात अनेक ठिकाणी वापरली जाते. पुण्यात विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेमुळे पेशींचे काम जाणणारी माणसेही राज्यात तयार होत आहेत.

खरेदीच्या संचिका ज्यांच्या मेजावरून जातात त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. उपकरण एकदाच घ्यावे लागते. नळ्या, द्रावणे आणि प्रतिपिंडे कायम लागतात, आणि बहुधा एका कंपनीच्या यंत्राला दुसरीची नळी बसत नाही. म्हणून मंजुरीत यंत्राच्या किमतीबरोबर निदान तीन वर्षांच्या साहित्याची तरतूद हवी. ती नसेल तर दुसऱ्या वर्षी उत्तम यंत्र झाकून ठेवण्याची पाळी येते. आठवड्याला दोन-चारच नमुने येणाऱ्या प्रयोगशाळेने स्वयंचलित यंत्राचा आग्रह धरूच नये. साधा चुंबक, उभी चौकट आणि एक प्रशिक्षित तंत्रज्ञ एवढ्यात तिचे काम भागते. नमुन्यांची रांग लागते आणि सर्वांना एकसारखी वागणूक हवी असते, तेथेच यंत्राचा पैसा वसूल होतो.

शिवाय रक्त प्रयोगशाळेत किती वेळाने आणि कशा स्थितीत पोहोचते, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मेलेल्या पेशी कोणत्याही प्रतिपिंडाला चिकटतात आणि त्यांतून बाहेर पडलेल्या चिकट द्रव्याने बाकीच्यांचे गोळे होऊन नळी तुंबते. एप्रिलच्या उन्हात जिल्ह्याच्या ठिकाणाहून दीड दिवस बसच्या टपावर आलेल्या रक्तातून कोणतेही यंत्र शुद्ध पेशी काढून देणार नाही. प्रतिपिंडे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात, ती गोठूही द्यावयाची नसतात. तेव्हा ज्या खोलीत यंत्र बसवावयाचे तेथील शीतकपाटाला आणि त्याच्या वीजपुरवठ्याला पर्यायी सोय आहे की नाही, हे यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहून यावे.